कागद वाचला; कोळसा वाचला का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "व्यवहार ऑनलाइन झाले, कागद गेला, हेलपाटे वाचले, काम घरून होऊ लागलं. म्हणजे डिजिटल अर्थव्यवस्था वाढेल तसं कार्बन उत्सर्जन घटायला हवं. पण नवी मुंबईत एकामागून एक डेटा सेंटर उभी राहताहेत आणि ती प्रचंड वीज खातात म्हणे. मग नक्की वाढतं की घटतं? आमची कंपनी सगळे सर्व्हर क्लाउडवर नेतेय आणि वार्षिक अहवालात 'उत्सर्जन घटवलं' असं लिहायचं म्हणतेय. लिहावं का?"

मी बावीस वर्षं ऊर्जा लेखापरीक्षण करतो. सुरुवात साखर कारखाने आणि फाउंड्रीपासून झाली; अलीकडे निम्मं काम डेटा सेंटरचं असतं. त्यामुळे माझं उत्तर मीटरच्या बाजूने येणार, ते समजून घ्या.

वाढतंही आणि घटतंही. पण दोन्हींची खात्री सारखी नाही. वाढ मीटरवर दिसते, तिचं दर महिन्याला बिल येतं. घट मात्र एका अटीवर अवलंबून असते: नवं आलं तेव्हा जुनं खरंच बंद झालं का? ही अट कुणी तपासत नाही आणि सगळी गडबड तिथेच होते.

गावाकडचं उदाहरण घेतो. माझे मामा सातबारा काढायला तालुक्याला जायचे, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. मोटरसायकल लिटरला 45 किलोमीटर देते असं धरलं तर लिटरभराहून थोडं जास्त पेट्रोल लागतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका उताऱ्यामागे अडीच किलो. आता तोच उतारा डिजिटल सहीसकट मोबाइलवर येतो. मोबाइल, टॉवर, सर्व्हर असं सगळं मिळून सढळ हाताने पाच वॉट-तास वीज लावली तरी चार ग्रॅम भरत नाहीत. सहा-सातशे पटींचा फरक! डिजिटलची बाजू मांडणारे अशीच उदाहरणं देतात आणि हिशेब म्हणून तो चुकीचा नाही.

पण मामा काही फक्त सातबाऱ्यासाठी तालुक्याला जात नव्हते. खताचं दुकान, बँक, दाढी, आठवडी बाजार आणि कुणीतरी भेटलंच तर मिसळ. उतारा घरी आला म्हणून मंगळवारची फेरी थांबली नाही. एसटीने जाणाऱ्याचं तर विचारूच नका. तो गेला नाही तरी गाडी सुटतेच. ज्या दिवशी प्रवासी कमी झाल्यामुळे आगार एक गाडी कमी सोडेल, त्या दिवशी बचत झाली म्हणायची. (एका सुविधा केंद्रावर "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" हे ऐकून मामांच्या एका उताऱ्यासाठी दोन फेऱ्या झाल्या, ती गोष्ट वेगळीच.)

यूपीआयचं तसंच. 2016 मध्ये सुरू झालेली ही पद्धत ऑगस्ट 2025 मध्ये महिन्याला 2000 कोटी व्यवहारांवर पोहोचली. एक व्यवहार म्हणजे काही सर्व्हरांमधले मोजके संदेश, त्याचं उत्सर्जन किरकोळ. आता विचारा, जुनं काय बंद झालं? नोव्हेंबर 2016 मध्ये, नोटाबंदीच्या तोंडावर, देशात सुमारे 18 लाख कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. मार्च 2025 मध्ये तो आकडा 36 लाख कोटींच्या वर होता. महागाई वाढली, अर्थव्यवस्था मोठी झाली, यूपीआय नसतं तर नोटा आणखी लागल्या असत्या, हे सगळं मान्य. तरी नोटा छापणं, वाहणं, एटीएममध्ये भरणं आणि ते एटीएम गार ठेवणं हे चालूच आहे. वर भाजीवाल्यापासून सलूनपर्यंत प्रत्येक काउंटरवर एक साउंडबॉक्स आला. त्यात बॅटरी आहे, सिम आहे, आणि तो दिवसभर नेटवर्कला धरून बसतो. माझा यूपीआयला विरोध नाही, मीही चहाचे पैसे तसेच देतो. फक्त त्याला हवामानाचं श्रेय देताना मी हात आखडता घेतो.

घरून कामाचा हिशेब मला जास्त पटतो, कारण तो माणसागणिक बदलतो. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने काढलेला निष्कर्ष असा होता: कारने एका बाजूला सहा किलोमीटरपेक्षा जास्त जाणारा माणूस घरी राहिला तर उत्सर्जन बहुधा घटतं, त्याहून जवळ राहणारा किंवा सार्वजनिक वाहनाने जाणारा घरी राहिला तर ते उलट वाढू शकतं, कारण घरची वीज वाढते. आपल्याकडे लावून बघा. बाणेरहून हिंजवडीला एकटा कार घेऊन जाणारा घरी बसला तर फायदा आहे. डोंबिवलीहून लोकलने जाणारा घरी बसला तर लोकल काही एक डबा कमी घेऊन धावत नाही, आणि घरात मे महिन्यात एकट्यासाठी एसी दिवसभर चालतो. तिकडे ऑफिसचा मध्यवर्ती एसीही अर्ध्या रिकाम्या मजल्यावर चालूच.

आता वाढीच्या बाजूकडे येतो. इथे मला अंदाज बांधावे लागत नाहीत.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर का आली? समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, आणि एमआयडीसीत जमीन व उच्च दाबाची वीज दोन्ही मिळते. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला, त्याने वेग आणला. आज देशाच्या डेटा सेंटर क्षमतेतला सुमारे निम्मा वाटा मुंबई परिसराचा आहे.

एक मध्यम आकाराचं केंद्र घ्या: आयटी क्षमता, म्हणजे नुसत्या सर्व्हर वगैरे यंत्रांची, 10 मेगावॉट. ती कधीच पूर्ण भरत नाही, 60 टक्के धरू, म्हणजे 6 मेगावॉट. त्यावर चिलर (हॉल गार ठेवणारी यंत्रं), पंखे, यूपीएसमधली गळती, दिवे, असं मिळून दीडपट करा: 9 मेगावॉट. साखर कारखान्याला हंगाम असतो, याला नसतो. वर्षाचे 8760 तास चालायचं. झाले जवळपास 7 कोटी 90 लाख युनिट. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणाऱ्या बावन्न हजार घरांची ही वीज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशाच्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे. म्हणजे वर्षाला 55 हजार टन. हे एका मध्यम केंद्राचं. आता जी जाहीर होताहेत ती शेकडो मेगावॉटची असतात. विशाखापट्टणमला गूगलने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलेलं केंद्र एक गिगावॉटच्या मापाचं आहे.

"पण तंत्रज्ञान सुधारतं ना?" सुधारतं, आणि त्याचा इतिहास खरोखर कौतुकाचा आहे. 2010 ते 2018 या काळात जगातल्या डेटा सेंटरांमधलं गणनाकाम साडेसहा पट झालं आणि वीज वाढली जेमतेम 6 टक्के. एका खऱ्या सर्व्हरवर दहा आभासी सर्व्हर चालवणं, ऑफिसांच्या कोपऱ्यातल्या कोंदट सर्व्हर रूम बंद करून मोठ्या केंद्रांत जाणं, गार आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या करणं, ही सगळी सोपी फळं त्या आठ वर्षांत तोडून झाली. मग एआय आलं. पूर्वी एका रॅकला, म्हणजे सर्व्हरच्या एका कपाटाला, पाच-सहा किलोवॉट लागायचे. एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या नव्या रॅकला 120 किलोवॉट लागतात. 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी 415 टेरावॉट-तास, म्हणजे 41,500 कोटी युनिट वीज घेतली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने 2030 पर्यंत ती दुपटीहून जास्त, 945 टेरावॉट-तास होईल. दीड टक्का ऐकायला थोडा वाटतो, पण तो जगभर सारखा पसरलेला नसतो. आयर्लंडमध्ये 2015 साली डेटा सेंटरांचा वाटा 5 टक्के होता, 2023 मध्ये 21 टक्के झाला. तिथल्या शहरी घरांपेक्षा जास्त वीज आता सर्व्हर घेतात.

जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच लिहून ठेवलं होतं की वाफेचं इंजिन काटकसरी झालं म्हणून कोळसा वाचत नाही, उलट इंजिन परवडू लागतं आणि कोळसा जास्त जळतो. जिओ आल्यावर आपल्या घरात डेटाचं काय झालं ते आठवा. पूर्वी एक जीबी महिनाभर पुरवायचो.

या धंद्यातला लाडका आकडा म्हणजे पीयूई: केंद्राची एकूण वीज भागिले आयटीची वीज. 1.5 म्हणजे सर्व्हरच्या एका युनिटमागे अर्धं युनिट इतर गोष्टींना. एकच्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो उपयोगी आहे, पण त्याला देव करू नका.

काही वर्षांपूर्वी एका केंद्रात (नाव नको) मी तपासणीला गेलो होतो. सर्व्हर हॉलमध्ये हवा कुठून कुठे जाते हे बघायला अगरबत्ती लावायची सोय नसते, धुराचा सेन्सर बोंब मारेल. म्हणून खिशात टिश्यू पेपरची लांब पट्टी ठेवतो आणि ती रॅकच्या तोंडाशी धरतो. गार गल्लीत पट्टी रॅककडे आत ओढली गेली पाहिजे. तिथे बऱ्याच रॅकसमोर ती उलटी माझ्या तोंडावर आली. रॅकमधल्या रिकाम्या खणांवर झाकणपट्ट्याच नव्हत्या. मागची गरम हवा पुढे येत होती. म्हणून हॉल गार वाटेना, म्हणून चिलरचं तापमान कमी केलेलं, 18 अंश. त्या उपकरणांना 27 अंशांपर्यंतची हवा चालते. काही हजारांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या नव्हत्या म्हणून चिलर पळत होते.

पट्ट्या लागल्या. मग आम्ही बिनकामाचे सर्व्हर शोधले. बंद पडलेल्या प्रकल्पांचे, सोडून गेलेल्या माणसांचे, "असू दे, कुणाचं तरी असेल" असे. केबल काढायची आणि महिनाभर कोण ओरडतं ते बघायचं. तिथली मुलं याला बोंब टेस्ट म्हणत. फार थोड्यांनी बोंब मारली. आयटीचा भार 1000 किलोवॉटवरून 800 वर आला, बाकीचा 600 वरून 540 वर. एकूण 1600 चे 1340 झाले, एक षष्ठांश वीज वाचली. आणि पीयूई? 1.6 चा जवळपास 1.68 झाला! भागाकारच तसा आहे: खाली असलेला आकडा लहान झाला. पुढच्या आढावा बैठकीत त्या व्यवस्थापकाला "कार्यक्षमता का घसरली" म्हणून झापण्यात आलं. वीज वाचवल्याबद्दल शिव्या खाणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

उलटंही होतं. हॉलचं तापमान फार वाढवलं की सर्व्हरमधले पंखे जोरात फिरतात. त्यांची वीज आयटीच्या खात्यात जाते, चिलरची घटते, पीयूई सुंदर दिसतो. एकूण मीटर मात्र जिथल्या तिथे.

आता "आम्ही शंभर टक्के हरित" या पाटीबद्दल. हा संवाद माझा किती वेळा झाला असेल.

"सर, आपलं सेंटर शंभर टक्के ग्रीन आहे."

"रात्री दोन वाजतापण?"

"नाही म्हणजे... वार्षिक, सर."

वार्षिक म्हणजे काय, ते समजून घ्या. 2022 च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांमुळे 100 किलोवॉट भार असलेला ग्राहकही थेट सौर किंवा पवन प्रकल्पाकडून वीज घेऊ शकतो. हा फार चांगला नियम आहे, आणि डेटा सेंटरांच्या करारांमुळे सौर प्रकल्प उभे राहिले हेही खरं. पण सूर्य दुपारी असतो आणि सर्व्हर चोवीस तास. दुपारचं जास्तीचं युनिट 'बँकिंग'मध्ये ठेवायचं आणि नंतर काढायचं, अशी हिशेबाची सोय आहे. बँक म्हटलं तरी वीज तिथे तिजोरीत बसत नाही. दुपारी ती दुसऱ्याच कुणीतरी वापरली; रात्री दोन वाजता तुमच्या सर्व्हरला जी मिळाली ती मुख्यतः कोळशाची. कागदावर दोन्ही युनिटं एकमेकांना खाऊन शून्य झाली, चिमणीवर झाली नाहीत.

याने किती फरक पडतो, ते एका आकड्यात दिसतं. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केलं की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या मध्यम स्वरूपाच्या एका लेखी प्रश्नाला 0.24 वॉट-तास वीज लागते आणि 0.03 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. तोच 0.24 वॉट-तास आपल्या ग्रिडच्या सरासरीने मोजला तर 0.17 ग्रॅम होतो. पाच-सहा पट! गूगल खोटं बोलत नाही. त्यांनी विकत घेतलेली हरित वीज हिशेबात धरली आहे, मी धरली नाही. आणि त्याच कंपनीने आपल्या 2024 च्या पर्यावरण अहवालात लिहिलं होतं की 2023 चं एकूण उत्सर्जन 2019 च्या तुलनेत 48 टक्क्यांनी वाढलं. एक प्रश्न नगण्य, बेरीज नगण्य नाही.

गंमत म्हणजे तासागणिक हिशेबासाठी आपल्याकडे नवी यंत्रणा लागत नाही. मुक्त प्रवेशाच्या विजेचा हिशेब आधीच पंधरा मिनिटांच्या ब्लॉकने होतो, दिवसाचे 96 ब्लॉक. मीटरमध्ये आकडे पडून आहेत. मागितले की मिळतात. मागत कुणी नाही. रात्रीची खरी तजवीज करायची तर साठवण हवी: बॅटऱ्या किंवा घाटघरसारखं केंद्र. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. घाटघरचे 250 मेगावॉट 2008 पासून हेच करताहेत. आपल्या भूगोलात हा पर्याय बसतो आणि डेटा सेंटरवाल्यांनी त्याच्यासाठी पैसे मोजायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइल टॉवर आणि उपकरणांबद्दल दोनच वाक्यं. जिथे ग्रिड जाते-येते तिथे टॉवर डिझेलवर चालतो, आणि कमी भारावर चालणाऱ्या छोट्या जनित्राचं युनिट ग्रिडच्या युनिटपेक्षा घाण असतं. लिथियम बॅटऱ्यांनी हे बरंच सुधारलंय. स्मार्टफोनचं आयुष्यभराचं बहुतेक उत्सर्जन तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, म्हणून चार्जर बटणावरून बंद करण्यापेक्षा फोन आणखी दोन वर्षं वापरणं कितीतरी मोठं काम आहे.

आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारं ते "अर्धा तास वेब सिरीज म्हणजे सहा किलोमीटर कार" विसरून जा. 2019 मध्ये एका फ्रेंच संस्थेच्या हवाल्याने तो आकडा पसरला, अर्ध्या तासाला 1.6 किलो. त्यात बिट आणि बाइटची गल्लत होती, तिनेच आकडा आठपट फुगला होता. संस्थेने नंतर दुरुस्ती केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषणात जागतिक सरासरी तासाला 36 ग्रॅम निघाली. जुने ईमेल पुसून पृथ्वी वाचवण्याचा सल्लाही त्याच जातीचा.

अर्थशास्त्रज्ञांचे या विषयावर बरेच शोधनिबंध आहेत, विशेषतः चीनच्या प्रांतांवर. त्यांतल्या अनेकांत आलेख उलट्या यू अक्षरासारखा निघतो: डिजिटल अर्थव्यवस्था वाढताना आधी उत्सर्जन चढतं, मग उतरतं. मला तिथे एकच शंका येते. चीनने 2022 मध्ये पूर्वेकडच्या शहरांचं गणनाकाम पश्चिमेकडच्या प्रांतांत हलवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू केला. मग शांघायचा आलेख उतरला, तर तो सुधारला की त्याचा धूर दुसऱ्याच्या अंगणात गेला? आपणही हेच करतो: पुण्यातल्या कंपनीचा सर्व्हर महापेला गेला की पुण्याचं बिल उतरतं.

इथे तुमच्या अहवालाचा प्रश्न येतो. क्लाउडवर जाणं बहुतेक वेळा चांगलंच असतं. ऑफिसातल्या सर्व्हर रूमचा पीयूई दोनच्या पुढे सहज असतो. पण "घटवलं" लिहिण्याआधी दोन कागद मागा. क्लाउड कंपनीकडून तुमच्या वापराची वीज आणि उत्सर्जन, ग्रिडच्या सरासरीने मोजलेलं, हरित वीज खरेदीच्या प्रमाणपत्रांनी धुतलेलं नव्हे. आणि तुमच्या जुन्या सर्व्हर रूमचं स्थलांतरानंतरचं बिल.

दुसरा कागद का, ते सांगतो. एका कंपनीचं स्थलांतर होऊन दोन वर्षं झाली होती, अहवालात घटही छापून आली होती. इमारतीच्या तपासणीत तिसऱ्या मजल्यावर 11 किलोवॉटचा एक भार रात्रंदिवस दिसत होता, कुणाला सांगता येईना कशाचा. जुन्या सर्व्हर रूमची किल्ली सापडायला अर्धा तास गेला. आत दोन सर्व्हर "बॅकअप म्हणून" लुकलुकत होते, यूपीएस गुणगुणत होता, दोन्ही एसी 18 वर होते, आणि रॅकच्या जागी खोक्यांत ठेवलेले ऑफिसच्या दिवाळीचे आकाशकंदील गारठून बसले होते.